क्लबची जागा: शेजारी संध्याकाळी सातला कुलूप लावून जाणारा हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघा भागीदारांना मुंबईत 300 माणसांचा नाइटक्लब काढायचाय. महिना 12 लाखांपर्यंत भाडं द्यायची तयारी आहे आणि तीन जागा पाहून झाल्यात. पहिली लोअर परळला गिरणीच्या आवारात, पहिल्या मजल्यावर, 4,200 चौरस फूट. दुसरी अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोडच्या बाजूला इंडस्ट्रियल इस्टेटमधला तळमजल्याचा गाळा, 5,500 फूट. तिसरी खारला, सात मजली रहिवासी इमारतीचा तळमजला आणि खाली बेसमेंट. तिथे आधी परमिट रूम होती. ब्रोकर म्हणतो, आठवड्यात टोकन द्या, नाहीतर जागा जाईल.

तुम्ही विचारलंत, तिन्हींतली कोणती घ्यावी. पण त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: रात्री दीडपर्यंत 300 माणसं, दारू आणि मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी चालवू देईल अशी जागा यांत आहे का? भाडं, लोकेशन, दर्शनी भाग हे सगळं त्यानंतर. नकार ज्या कारणांनी येतो ती कारणं आधी तपासायची, आणि त्यातही ज्यांना पैसे लागत नाहीत ती सर्वांत आधी. बऱ्याच जागा पहिल्या दोन दिवसांतच बाद होतात. ते चांगलंच असतं, कारण इंटिरिअरचे दोन कोटी घातल्यावर बाद होण्यापेक्षा ते बरं.

सुरुवात क्षेत्रफळापासून करू, कारण तुमचा 300 चा आकडा तिथेच अडतो. लोअर परळचे 4,200 फूट हे बहुधा सुपर बिल्ट-अप, म्हणजे भिंती-जिना-लॉबी धरून मोजलेले, असतील. व्यावसायिक इमारतींत हातात कार्पेट, म्हणजे प्रत्यक्ष वापरायची जागा, साधारण 60 टक्के येतं, म्हणजे 2,520 फूट. त्यातून किचन 350, बार 250, स्वच्छतागृहं 250, स्टोअर, कोल्ड रूम, डीजे आणि इलेक्ट्रिक पॅनल मिळून 250, आणि दोन दारांमधली आवाज अडवणारी लॉबी 120 फूट काढा. पाहुण्यांसाठी उरतात 1,300 फूट. आगीच्या दृष्टीने माणसं मोजताना नाचायच्या दाटीच्या भागात माणशी सुमारे 7 चौरस फूट (0.65 चौरस मीटर) आणि मोकळ्या उभं राहण्याच्या भागात सुमारे 15 चौरस फूट धरतात. 500 फुटांचा डान्स फ्लोअर केलात तर 71 माणसं, उरलेल्या 800 फुटांत 53. एकूण 124. म्हणजे ब्रोकरच्या तोंडचा '300 माणसांचा क्लब' कागदावर सव्वाशेचा निघतो.

खरे 300 हवे असतील तर 1,000 फुटांचा फ्लोअर, 2,400 फूट बाकी जागा आणि 1,500-1,600 फूट सेवेची जागा धरून 5,000 फूट कार्पेट लागतं. त्यामुळे पहिल्या भेटीला लेझर मीटर घेऊन जा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतः मोजा. पोटमाळा मोजू नका. मुंबईत बरेच पोटमाळे मंजूर नकाशात नसतात. इमारतीच्या बाजूची मोकळी जागा, जिला ब्रोकर 'स्मोकिंग एरिया' म्हणेल, तीही धरू नका. ती सामासिक जागा असते, म्हणजे इमारतीभोवती नियमाने मोकळी ठेवायची; अग्निशमन दलाची गाडी तिथून फिरायची असते. तिथे टाकलेली शेड पालिका पाडते आणि खर्च तुमचा बुडतो.

आता कागद. मागायची पहिली गोष्ट म्हणजे ओसी (इमारत वापरायला दिलेला पालिकेचा दाखला) आणि तिच्यासोबतचा मंजूर नकाशा. नुसतं 'ओसी आहे' हे उत्तर पुरेसं नाही. तुमच्या गाळ्यावर नकाशात काय लिहिलंय ते वाचायचं. 'रेस्टॉरंट' किंवा 'ईटिंग हाउस' असेल तर उत्तम. 'शॉप' असेल तर काम आहे, पण होऊ शकतं. 'ऑफिस', 'आयटी', 'सर्व्हिस इंडस्ट्री', 'स्टोरेज' किंवा 'पार्किंग' असेल तर वापर बदलून घ्यावा लागेल. तो बदल मिळेल का, हे डीसीपीआर 2034 (मुंबईची विकास नियंत्रण नियमावली) मधला झोन, रस्त्याची रुंदी आणि इमारतीतल्या बाकीच्या वापरांवर ठरतं. गिरण्यांच्या आवारांत आणि इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नेमकी हीच मेख असते: शेजारच्या गाळ्यात पाच वर्षं रेस्टॉरंट चालू असतं, म्हणून आपल्यालाही चालेल असं वाटतं. शेजाऱ्याचा वापर मंजूर होता की नुसता दुर्लक्षित, हे नकाशाच सांगतो. जागा बीकेसीत असेल तर नकाशे पालिकेकडे नाहीत, एमएमआरडीएकडे; मरोळच्या औद्योगिक वसाहतीत असेल तर एमआयडीसीकडे. फोर्ट-कुलाब्यात हेरिटेजचा मुद्दा येतो, जुहू-वांद्र्याच्या किनाऱ्याला सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या बंधनांचा.

ओसीनंतर वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागात चौकशी करा: या गाळ्यावर महापालिका कायद्याच्या कलम 351 ची किंवा एमआरटीपीच्या (राज्याच्या नगररचना कायद्याच्या) कलम 53 ची, म्हणजे बेकायदा बांधकामाची, नोटीस आहे का? मालक ती सांगत नाही. माहितीच्या अधिकारात मिळते. मालमत्ता कराचं बिल पाहा, त्यावर वापर कोणता नोंदलाय ते कळतं. जागा गहाण आहे का, हे वकिलाला बघू द्या. कर्ज थकलं तर बँक थेट जागेचा ताबा घेऊ शकते, आणि तेव्हा तुमच्या अ‍ॅग्रीमेंटला फार जोर उरत नाही.

खारच्या जागेचं बेसमेंट याच पायरीवर थांबतं. रहिवासी इमारतीचं बेसमेंट बहुतेक वेळा पार्किंग, स्टोरेज किंवा मशिनरीसाठी मंजूर असतं. तिथे पाहुणे बसवता येणार नाहीत, मग वर 'आधी परमिट रूम होती' असं कितीही सांगितलं तरी. आणि आधीचं लायसन्स नक्की कुठल्या भागाचं होतं हेही बघा. एफएल-3, म्हणजे परमिट रूमचं दारूचं लायसन्स, जागेच्या मंजूर नकाशाला बांधलेलं असतं, नकाशातल्या रेषेबाहेर एक पेग दिला तरी तो भंग. तळमजल्यावर 600 फुटांचं लायसन्स असेल, तर ते तुमच्या 3,000 फुटांच्या क्लबचं लायसन्स नाही. जुन्या लायसन्सधारकाच्या नावावर 'कंडक्टिंग'ने, म्हणजे त्याचा धंदा भाड्याने घेऊन, चालवा, असाही प्रस्ताव येईल. उत्पादन शुल्क खात्याच्या लेखी परवानगीशिवाय तसलं काही करू नका. लायसन्स त्याचं, गुंतवणूक तुमची, आणि भांडण झालं की दुकान त्याचं.

अंतराचा नियम तिन्ही ठिकाणी तपासा. शाळा-कॉलेज, धार्मिक स्थळ, एसटीचा स्टँड किंवा डेपो यांपासून 75 मीटरच्या आत परमिट रूमला अडचण येते. मोजमाप हवाई नसतं: तुमच्या दाराच्या मध्यापासून माणूस नेहमी चालत जातो त्या वाटेने, समोरच्या संस्थेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत. त्यामुळे नकाशात 50 मीटरवर दिसणारी शाळा चालत 110 मीटर भरू शकते. खाजगी कोचिंग क्लास यात धरत नाहीत. देवळाबद्दल ते नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्टचं आहे का, हे पाहिलं जातं. गल्लीबोळांतून चालून बघा. बालवाडी पहिल्या मजल्यावर असते आणि तिची पाटी सकाळीच दिसते, म्हणून ही फेरी सोमवारी सकाळी नऊला करा.

इथपर्यंतचं सगळं काम जेमतेम आठवड्याचं आणि फारशा पैशांचं नाही. यात जी जागा तरली तिच्यासाठीच पुढचं वाचा.

आवाज. क्लब बंद पडायचं हे सर्वांत मोठं कारण आहे, आणि जागा निवडताना सर्वांत कमी लक्ष इथेच दिलं जातं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 व्यापारी भागात 55 डेसिबल आणि निवासी भागात 45 डेसिबल ही मर्यादा आहे. खाजगी जागेच्या हद्दीवर तुमच्या साऊंडने त्यापेक्षा 5 डेसिबलहून जास्त भर घालायची नाही. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र असू शकतात, तिथे रात्रीचा आकडा 40. आणि तुमच्या फ्लोअरवर रात्री बाराला 100 च्या आसपास चालू असणार.

मीटरवरचा आकडा पाळला म्हणजे सुटलो, असंही नाही. मीटर डेसिबल-ए मोजतो, आणि त्या पद्धतीत 63 हर्ट्झच्या, म्हणजे खोल बेसच्या, आवाजातले 26 डेसिबल वजा होतात. माणसाच्या छातीत मात्र तो 'धब धब' पूर्ण पोचतो. गाणं ऐकू येत नाही, फक्त बेस येतो, आणि झोप त्यानेच मोडते. हा बेस हवेपेक्षा स्लॅब, कॉलम आणि पाइपांतून जास्त प्रवास करतो. म्हणून वर सात मजले घरं असलेल्या तळमजल्यावर फोम लावून काही होत नाही. फोमने आतला प्रतिध्वनी कमी होतो, बाहेर जाणारा बेस थांबत नाही. तिथे खोलीच्या आत सुटी खोली बांधावी लागते: रबरावर तरंगती फरशी, स्प्रिंगवर लटकतं छत, मूळ भिंतीला न टेकणारी आतली भिंत. यात खाली 4-6 इंच आणि वर फूटभर उंची जाते, पैसे भरपूर जातात, आणि एका ठिकाणी जरी लोखंडी पाइप दोन्ही भिंतींना चिकटला तरी मेहनत वाया.

टोकन देण्याआधी एक चाचणी करा. मालकाची आणि सोसायटीची परवानगी घेऊन रात्री साडेअकराला दोन 18 इंची सबवूफर भाड्याने आणून फ्लोअर जिथे असेल तिथे ठेवा, आणि 40 ते 80 हर्ट्झचा टोन अर्धा तास वाजवा. तेवढ्या वेळात एकाने वरच्या आणि समोरच्या सर्वांत जवळच्या बेडरूममध्ये बसावं, दिवे घालवून, पंखा बंद करून. खिडकीच्या ग्रिलवर हात ठेवा, टेबलावरच्या पेल्यातलं पाणी बघा. ग्रिल हाताला लागत असेल तर त्या जागेचा नाद सोडा.

लोअर परळबद्दल याच संदर्भात सावध राहा. गिरणीच्या जुन्या शेडला उंची मस्त मिळते, पण छप्पर पत्र्याचं असेल तर बेस थेट वर जातो, आणि आजूबाजूला आता 40-50 मजली रहिवासी टॉवर आहेत. तुमची जागा पक्क्या स्लॅबच्या इमारतीत असेल तर बरं.

आता मथळ्यातली गोष्ट. क्लबचा सर्वांत चांगला शेजारी कोण? शोरूम, बँक, ऑफिस, प्रिंटिंगचा कारखाना. जो संध्याकाळी सातला शटर ओढून जातो तो. तक्रारींचे फोन पुष्कळदा संगीतामुळे नाही, दीड वाजता बाहेर पडणाऱ्या गर्दीमुळे जातात: व्हॅलेवाल्यांच्या शिट्ट्या, हॉर्न, रस्त्यावरचे निरोप. दारापासून गाडीपर्यंतचा रस्ता कोणाच्या बेडरूमखालून जातो ते शुक्रवारी रात्री उभं राहून बघा. शहराच्या भागात, म्हणजे माहीम-सायनच्या खाली, रिक्षा नाही; टॅक्सी कुठे थांबणार याची जागा आधी ठरवा. रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांना घरी सोडण्याची सोय तुमच्यावर येते, ती गाडी कुठे उभी राहील हेही त्यातच बघा.

बाहेर पडायच्या वाटा. 29 डिसेंबर 2017 च्या पहाटे कमला मिल्सच्या आवारात गच्चीवर लागलेल्या आगीत 14 जण गेले, त्यातले बरेचजण स्वच्छतागृहात धुराने गुदमरले. त्यामुळे जागा बघताना दुसरा जिना आहे का, एवढंच विचारू नका. तो पहिल्यापासून लांब, दुसऱ्या बाजूला उघडतो का? तो थेट रस्त्यावर किंवा मोकळ्या आवारात जातो का, की पुन्हा त्याच लॉबीत? राष्ट्रीय इमारत संहितेत जमावाच्या जागेसाठी जिना साधारण 2 मीटर रुंद, निर्गमनाची वाट 30 मीटरच्या आत आणि आडबाजूची बंद वाट 6 मीटरपेक्षा लांब नको, असा दंडक आहे. जिन्याला माणशी 10 मिलिमीटर रुंदी धरतात, म्हणजे 300 माणसांना दोन्ही मिळून किमान 3 मीटर. पहिल्या मजल्यावरच्या तुमच्या लोअर परळच्या जागेत 1.2 मीटरचा एकच जिना आणि एक लिफ्ट असेल, तर ती जागा क्लबला नाही, मग भाडं कितीही कमी असो. लिफ्ट ही बाहेर पडायची वाट नसते. स्वच्छतागृहं बंद टोकाला न ठेवता वाटेवर ठेवता येतील असा आकार जागेला हवा. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. जुने फॉर्म बी मागा. इमारतीची हायड्रंट पाइपलाइन कोरडी पडली असेल तर कळेल.

स्लॅबचं बोलायचं तर ऑफिसचा मजला चौरस मीटरला 2.5 ते 4 किलोन्यूटन भारासाठी धरलेला असतो, नाचायच्या जागेला 5 लागतो. वरच्या मजल्यावर क्लब करायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी पत्र घ्या. उंची बीमखाली 12 फूट ही किमान, 14 असेल तर बरं; डक्ट, आवाजाचं छत आणि लाइटचा ट्रस मिळून चार फूट सहज खातात.

वीज आणि हवा यांचा हिशेब ब्रोकर कधीच करून देत नाही. नाचणारा माणूस तासाला सुमारे 850 बीटीयू उष्णता टाकतो, म्हणजे 14 माणसांमागे एक टन एसी. 140 नाचणारे आणि 160 उभे-बसलेले धरले तर नुसत्या माणसांसाठी 16 टन. मुंबईची दमट ताजी हवा आत घेऊन थंड करायला आणखी साधारण 24, बाकी दिवे-मशिनं-भिंती 10. एकूण 50 टन. त्याला 60 किलोवॅट, किचन, साऊंड, फ्रीज धरून 120 किलोवॅटच्या आसपास मंजूर भार लागेल. सध्या मीटरवर किती आहे ते बिलावर लिहिलेलं असतं. वाढवून मिळेल का, सबस्टेशनला जागा द्यावी लागेल का, हे शहरात बेस्टला, उपनगरात अदानी किंवा टाटाला आधीच विचारा. एसीची बाहेरची युनिटं, जनरेटर आणि किचनचा डक्ट यांना गच्चीपर्यंत वाट लागते, आणि ती वाट सोसायटीच्या भिंतीवरून जाते. इथे सोसायटीचा तोंडी होकार कामाचा नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. आणि तळमजला असेल तर पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा जाऊन भिंतीवरची पाण्याची रेष बघा. अंधेरीच्या सखल भागात ती हमखास दिसते.

आता पैसे. 12 लाख भाड्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे महिना 2.16 लाख. 5 टक्के दराने चालणाऱ्या रेस्टॉरंटला याचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही आणि दारू जीएसटीबाहेर आहे. त्यामुळे ते 2.16 लाख तुमच्या खिशातूनच जातात, वर्षाला जवळजवळ 26 लाख. कॉमन एरियाचा मेंटेनन्स वेगळा. 12 लाखांचं बजेट असेल तर भाड्याचा आकडा 10 च्या आत बोला.

लिव्ह अँड लायसन्सच्या आधी जे टोकन द्याल त्यासोबत एका पानाचं पत्र करा आणि त्यात हे स्पष्ट लिहा: मंजूर वापर, फायर एनओसी आणि सोसायटीचा ठराव यांत काही अडलं तर टोकन परत. भाडं ताबा घेतल्यापासून नको, एफएल-3 मिळाल्यापासून किंवा सहा महिन्यांनी, जे आधी असेल तेव्हापासून. उत्पादन शुल्क, पालिकेचं आरोग्य लायसन्स, अग्निशमन आणि पोलिसांचा करमणुकीचा परवाना एकामागून एक येतात, सहा महिने सहज जातात. लॉक-इन (ठरावीक काळ करार न मोडण्याचं बंधन) फक्त मालकावर असावा, तुमच्यावर नको. निदान परवाना जागेच्या दोषामुळे नाकारला गेला तर तुम्हाला सुटता यावं. 60 महिन्यांच्या करारात इंटिरिअरचा खर्च वसूल होत नसेल तर पुढच्या 60 महिन्यांचा हक्क आत्ताच, भाडेवाढीच्या टक्केवारीसकट लिहून घ्या. हे कलम मालक शेवटपर्यंत टाळतो.

तुमच्या तिन्हींबद्दल: खार मी सोडून देईन, डोक्यावरच्या सात मजल्यांमुळे आणि बेसमेंटमुळे. लोअर परळला सव्वाशे-दीडशे माणसांचा लाउंज होईल, क्लब नाही, आणि तोही दोन जिने असले तर. अंधेरीच्या गाळ्यात जीव आहे: तळमजला, बहुधा जाड स्लॅब, रात्री रिकामं होणारं शेजार. 5,500 फूट कार्पेट असतील तर तुमचे 300 बसतात. सुपर बिल्ट-अप असतील तर 3,300 फुटांत दीड-पावणेदोनशे. पण सगळं त्या एका ओळीवर आहे, मंजूर नकाशात त्या गाळ्यावर काय वापर लिहिलाय. 'इंडस्ट्रियल' असेल तर आर्किटेक्टकडून लेखी मत घ्या की व्यावसायिक वापर कोणत्या कलमाखाली, किती प्रीमियम भरून आणि किती महिन्यांत मिळेल. ब्रोकरला उद्या फोन करून फक्त ओसी आणि नकाशाची प्रत मागा. दोन दिवसांत ती आली तर पुढे बोलू. आली नाही, तर आठवड्याच्या टोकनची घाई कशासाठी होती ते तुम्हाला कळलेलं असेल.